पहिली खाट, शेवटचं ताट

४ ऑक्टोबर

आत्या,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. नोकरीला लागून तीन आठवडे झाले आणि अजून माझी एकही चूक निघालेली नाही. हे फुशारकीने सांगत नाही. आज निघेल, उद्या निघेल म्हणून कालचा तक्ता रोज सकाळी पुन्हा तपासते, ते सांगते आहे. सहा महिने पारखून मग कायम करणार आहेत.

काम काय ते नीट सांगते, नाहीतर तू शेजारणीला ‘पुतणी डॉक्टरीण झाली’ असं ठोकून देशील. हे शुश्रूषागृह आहे. आजारातून उठलेली पण घरी जाण्याइतकी बरी न झालेली म्हातारी माणसं इथे असतात. माझ्या वॉर्डात बारा खाटा. दुपारी बाराला ताटांची ट्रॉली दारातून आत येते आणि पहिल्या खाटेपासून बाराव्यापर्यंत ताटं लागतात. वीस मिनिटांनी गोळा होतात. मी प्रत्येक ताटाचं वजन आधी करते, नंतर करते, आणि तक्त्यावर तीनपैकी एका रकान्यात खूण करते. ‘पूर्ण’, ‘अर्धे’, ‘नाकारले’. एवढंच. पण टेबल-खुर्चीवर बसून करते. आपल्या घरात खुर्चीवर बसून काम करणारी मीच पहिली, म्हणून पाठ ताठ ठेवते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दाराजवळच्या पहिल्या खाटेवर एक म्हातारेबुवा आहेत. सगळे त्यांना ‘एक नंबर’ म्हणतात. झटका येऊन गेलाय, बोलणं जड झालंय, भेटायला कोणी येत नाही. येऊन अकरा दिवस झाले आणि अकराही दुपारी त्यांनी ताटाला हात लावलेला नाही. मी विचारलं की तळहात पुढे करतात, बस्स. सकाळचा चहा-ब्रेड घेतात, रात्री कपभर दूध, त्यावर जीव टिकून आहे. अकरा वेळा ‘नाकारले’ लिहिलंय, त्यातलं दहा वेळचं माझ्या हाताने. एक रविवारचं, ते बदलीवालीने.

इथला नियम असा की दुपारच्या सलग तीस नोंदी ‘नाकारले’ झाल्या की नाकातून नळी घालून पोट भरायचं. नळी ओढून काढू नये म्हणून हात खाटेला बांधतात. पट्ट्या मऊ असतात, मी हात लावून पाहिल्या. तरी बांधतातच ना.

भूक नाही म्हणावं तर एक नंबर सारखे दुसऱ्यांच्या ताटात डोकावत असतात. पाच नंबरच्या आजी किती खातात, सात नंबर काय टाकतो, मान उंच करकरून बघतात. इतरांना ते बरं वाटत नव्हतं. म्हणून मी त्यांच्या खाटेभोवतीचा पडदा ओढून दिला, निवांत जेवतील म्हणून. तेव्हापासून तर जेवणाच्या वेळी पाणीसुद्धा घेत नाहीत. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत आडव्या काळपट रेघा आहेत, जुन्या भाजल्याच्या. कुठल्या अपघातात सापडले होते की काय, देव जाणे.

तुझ्याकडे भूक लागायचा काही उपाय असला तर कळव. आणि तू वेळेवर जेवतेस ना?

तुझी,
मास्तरीण


८ ऑक्टोबर

मास्तरीणबाई,

पडदा ओढलास? अगं शहाणे, पडदा?

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, मला अक्षर लागलं नाही. तूच शिकवलंयस, पिठाच्या परातीत बोटाने गिरवून, तेव्हा माझं वाचणं चुकलं तर दोष तुझा. पण नाही, लिहिलंयस पडदाच.

त्या रेघा अपघाताच्या नव्हेत. तुझ्या आत्याचे हात तू कधी बघितलेस का गं? एकोणीस वर्षं ज्या हातांनी तुझी वेणी घातली ते? मोठ्या पातेल्याच्या तळाला डाव घालायचा तर काठाला हात भाजतो, रोज एक रेघ. एक नंबर आचारी आहे. नुसता घरगुती नाही, शंभर-दीडशे माणसांचं शिजवणारा. पैज लाव.

आणि तो कोणाच्या ताटात ‘डोकावत’ नाही. तो जेवण बघतोय. कोण मागून घेतंय, कोण चाळवतंय, कोणी भाजी कडेला सारली. ते बघितल्याशिवाय आचाऱ्याला कळणार कसं की आपलं काम झालं? मी बावीस वर्षं कामगारांच्या खानावळीत हेच केलं. खिडकीतून. तू त्याची खिडकीच बंद केलीस.

आचारी सगळ्यांचं होईपर्यंत जेवत नाही. तळहात दाखवतो म्हणजे थांब म्हणतोय. चहा मात्र सगळ्यांच्या आधी पितो, कारण चहा पिऊन कामाला लागायचं असतं. हे ज्याला माहीत नाही त्याने माणसाच्या नाकात नळ्या घालायला निघू नये. सांग तुझ्या डॉक्टरांना. नको, सांगू नकोस, नोकरी जाईल. पण पडदा काढ.

एवढं शिकलीस, ताटाचं वजन करतेस, ताटामागच्या माणसाचं कोण करणार? रागाने लिहितेय. भोंगा झाला बाराचा, पण पत्र पुरं करूनच उठते.

हल्ली खानावळीत काम हलकं झालंय. माझं काय, चाललंय.

आत्या


१५ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी पडदा काढला. एक नंबरना विचारलं, “तुम्ही आचारी होतात?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं कोणी पोस्टमनला विचारावं की ही पिशवी कशाला. मग एक बोट वर केलं. मी विचारलं, एक वर्ष? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मुख्य आचारी, असं होतं ते.

तू म्हणालीस तसंच झालं. बारापासून बारा-वीसपर्यंत ते प्रत्येक ताट बघत राहिले. शेवटच्या खाटेवरच्यांनी चमचा खाली ठेवला तेव्हा त्यांनी श्वास सोडला आणि स्वतःचं ताट जवळ ओढलं. ओढलं, आत्या! आणि तेवढ्यात वॉर्डबॉयने ते उचललं. वीस मिनिटं झाली होती.

मी मेट्रनबाईंकडे गेले. म्हटलं, पहिल्या खाटेला दहा मिनिटं जास्त द्या. “आज दहा, उद्या सगळे अर्धा तास मागतील. भांडी कोण घासणार, तुम्ही?” मग म्हटलं, त्यांचं ताट शेवटी लावा. “ट्रॉली दारातून येते. पहिली खाट पहिली.” आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्या माझ्यासारख्याच शिकून पुढे आलेल्या, मला वाटलं समजतील. त्यांनी तक्ता बघितला, एक नंबरकडे बघितलंच नाही, आणि म्हणाल्या, “भूक असती तर वेळेत जेवला असता. हा हट्ट आहे. आणि तुम्ही नोंदणीला आहात, वाढायला नाही.”

मी बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले. माझ्याच अक्षरातला तक्ता त्यांनी माझ्यासमोर धरला होता. इतका स्वच्छ, एकही खाडाखोड नाही.

मग मी चोरी केली. चोरीच म्हणायची. दोन दिवस एक नंबरचं ताट गोळा होताना बाजूला काढलं, वर दुसरं ताट पालथं घातलं आणि खिडकीखालच्या गरम नळांवर ठेवलं. साडेबाराला त्यांच्यापुढे नेलं. सगळ्यांचं झालेलं, ताट गरम, पडदा उघडा. जेवले नाहीत. ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वाट बघत बसले. कशाची? आता काय राहिलं?

बावीस नोंदी झाल्या. आठ उरल्या.

आणि रागात आहेच तर तुझ्यावरचाही सांगून टाकते. ‘आचारी शेवटी जेवतो’ हे तू असं लिहितेस जसं काही ते मोठं पुण्य आहे. खानावळीचं मला माहीत नाही, घरचं माहीत आहे. पहिलं ताट माझं, कारण मी शिकणारी पोर. मग बाबांचं. मग काकाचं. तू पातेलं खरवडायचीस. परवा खोलीवर बसून मी हिशेब केला. कोण किती खायचं, पातेलं केवढं होतं, मला सगळं आठवतंय. तुझ्या वाट्याला जे उरायचं त्यावर मोठं माणूस उभं राहू शकत नाही. इथे असा तक्ता आला असता तर तुझ्या नावापुढे लाल खूण झाली असती. ती चांगली गोष्ट नव्हती, आत्या. तिचं कौतुक मला करू देऊ नकोस.

आणखी एक. गेल्या पत्रात तू लिहिलंस, भोंगा झाला बाराचा, पत्र पुरं करून उठते. बाराच्या भोंग्याला तुझ्या हातात डाव असतो. पेन कसं होतं?

तुझी,
मास्तरीण


१९ ऑक्टोबर

मास्तरीणबाई,

माझं ताट मोजलंस? दूर बसून, इतक्या वर्षांनी, कागदावर? शाबास. माझ्या पोटाचा तक्ता करायला मी तुला शाळेत घातलं होतं तर.

दोन दिवस तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्या माणसाच्या आठ नोंदी उरल्यात, त्यातल्या दोन-चार माझ्या रुसण्यात जायच्या. म्हणून लिहिते. आधी त्याचं.

आचारी आपणहून बसत नाही. त्याला कोणीतरी बसा म्हणावं लागतं. खानावळीत आमच्याकडे एक म्हातारा फिटर होता. हात धुवायला सगळ्यांच्या शेवटी जायचा. जाताना खिडकीशी थांबायचा आणि म्हणायचा, “झालं सगळ्यांचं. बसा आता.” रोज. बावीस वर्षांत सुट्टीचे दिवस सोडून एकदा चुकला नाही. चिडलेला असला तरी म्हणायचा, भाजी खारट झाली तर ‘बसा आता, भोगा’ म्हणायचा. ते ऐकलं की मी आग बारीक करून स्टुलावर बसायची. त्याच्याआधी नाही. हा काही कुठे लिहिलेला नियम नाही. पण न म्हणता बसलं तर घास चोरल्यासारखा वाटतो. तुझा एक नंबर त्याचीच वाट बघतोय. ताट गरम ठेवून काय होतं? तोंड उघड.

आता माझं.

मी शेवटी जेवायची ते पुण्य नव्हतं, हे तुझं खरं. मी तसं म्हटलंही नाही. पण तुझा हिशेब अर्धाच आहे. पातेल्यात कमी उरायचं त्याचं मला एवढं नाही वाटायचं. खानावळीत मी रोज शेवटीच जेवायची, कधी कमीही उरायचं, तरी घास गोड लागायचा. घरी नाही लागायचा. कारण घरी कोणी बस म्हटलं नाही. तुझा बाप हात पुसत उठायचा. काका बाहेर जायचा. आणि तू ताट सरकवून पुस्तक उघडायचीस. तुला मीच म्हणायची, अभ्यासाला बस. तुला ‘बस’ म्हणणारी मी होते, मला कोण होतं? लहान होतीस, चूक तुझी नाही असं मी मनाला समजावलं. पण मोठी झालीस तेव्हाही नाही म्हणालीस. राग यायचा. आजही आला, म्हणून अक्षर असं झालंय.

भोंग्याचं. खानावळ पावसाळ्याआधीच बंद झाली. आता कामगारांना बाहेरून डबे येतात, बंद, प्रत्येकाला एक. जेवण म्हणजे झाकण उघडायचं. दोन महिने मला ते डबे वाटायला ठेवलं, मग म्हणाले, वाटायला कशाला माणूस, टेबलावर ठेवले की झालं. तुला सांगितलं असतं तर तू सगळं टाकून इथे येऊन बसली असतीस, म्हणून नाही सांगितलं.

एकटीसाठी मी काही शिजवत नाही. कोणासाठी? उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकते. तू येऊ नकोस. नोकरी सांभाळ.

आत्या


२९ ऑक्टोबर

मास्तरीणबाई,

दहा दिवस झाले, उत्तर नाही. माझ्यावर रागावली असशील तर रागाव, तुझा हक्क आहे. पण त्या माणसाचं काय झालं ते कळवायला हवं होतंस. आठाच्या आठ नोंदी संपून गेल्या असतील. माझ्या डोळ्यांसमोर ते बांधलेले हात येतात.

नुसतं हो की नाही लिही.

आत्या


२ नोव्हेंबर

आत्या,

नाही. हात बांधले नाहीत.

उत्तर लिहिलं नाही कारण मला तुला काय लिहावं तेच समजत नव्हतं. आधी त्यांचं सांगते, तूही तसंच केलंस.

तुझं पत्र बावीस तारखेच्या संध्याकाळी मिळालं. एकोणतीस नोंदी झाल्या होत्या. तेवीसला मी ताट नळांवर ठेवलं आणि साडेबाराला, सगळ्या वॉर्डासमोर, एक नंबरच्या खाटेशी उभी राहिले. घशाला कोरड पडली होती. म्हटलं, “झालं सगळ्यांचं. बसा आता.”

त्यांनी मान वळवली. महिनाभरात पहिल्यांदा त्यांचा शब्द ऐकला. “सगळ्यांचं?”

खोटं मला सांगता आलं नाही. म्हटलं, “पाच नंबरच्या आजींनी अर्धंच खाल्लं. सात नंबरने बटाटा टाकलाय.”

त्यांनी जिभेने च्यक केलं. म्हणाले, “कच्चा होता.” लांबून, नुसतं बघून! पलीकडून सात नंबर ओरडला, “हेच मी रोज सांगतोय, माझं कोणी ऐकतं का!” मग एक नंबरनी ताट ओढलं आणि जेवले. हात थरथरत होता, पण चमचा दुसऱ्या कोणाला धरू दिला नाही. कच्चा बटाटाही खाल्ला, शिक्षा भोगल्यासारखा. तीनशे दहा ग्रॅम. ताटात चार शितं उरली. मी दोनदा वजन केलं.

मग तक्ता. मेट्रनबाई म्हणाल्या, ताटं बारा-वीसला गोळा झाली, त्या वेळी हे ताट भरलेलं होतं, म्हणजे ‘नाकारले’. मी म्हटलं, पण ते जेवलेत, हे बघा रिकामं ताट. त्या म्हणाल्या, “रिकामं ताट मला दाखवू नका, रकाना दाखवा.”

आत्या, मी शाळेत कधी समासात एक ठिपका काढला नाही. त्या दिवशी मी तिन्ही रकान्यांवरून आडवं लिहिलं: ‘बारा चौतीसला जेवले. कोणी बसा म्हटल्यावर जेवतात. आधीच्या दहा नोंदींच्या वेळी मी पडदा ओढला होता किंवा विचारायचं तसं विचारलं नव्हतं, त्या नोंदी माझ्या चुकीच्या आहेत.’ दहा लिहिलं, नंतर मोजलं तर जास्त निघाल्या, म्हणून खाली दुरुस्तीही केली. सही केली.

मला लेखी समज मिळाली आहे. ‘नेमून दिलेल्या कामाबाहेर वर्तन.’ पारखायचे सहा महिने आता नऊ झाले. कागद पेटीत ठेवलाय, तुला दाखवीन.

पण तिसावी नोंद म्हणून तो तक्ता डॉक्टरांकडे जावाच लागला. दुसऱ्या दिवशी ते साडेबाराला स्वतः येऊन उभे राहिले, एक नंबरना जेवताना बघितलं, आणि नळीचा कागद फाडला. मग विचारलं, “यांची खाट शेवटी का नाही नेत?” दोन माणसांनी खाट ढकलली. बाराव्या जागी गेली. चार मिनिटं लागली, मी घड्याळ बघितलं.

खाटेला चाकं होती, आत्या. पहिल्या दिवसापासून होती. महिनाभर आम्ही माणूस कसा बदलायचा यावर बोलत होतो. मीसुद्धा. मी तर रोज त्या चाकांना अडखळायची. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

आता त्यांना शेवटी ताट मिळतं, ताटं गोळा करायलाही दाराकडूनच सुरुवात होते, म्हणून वेळ पुरतो. बसा मी म्हणते. माझ्या सुट्टीच्या रविवारी सात नंबर म्हणतो, वर बटाट्याची तक्रारही सांगतो. परवा एक नंबरनी मला विचारलं, “तू जेवलीस?” मी हो म्हटलं. ते खोटं होतं. मी इथल्या जेवणघरात जात नाही. सगळ्या शिकलेल्या घरच्या मुली, मी कशी जेवते ते बघतील असं वाटतं. खोलीवर मोरीपाशी उभी राहून ब्रेड खाते. तू उभी खातेस म्हणून तुझ्यावर चिडायचा मला काय अधिकार?

आता तुझं.

तू लिहिलंस ते मी रोज वाचलं. एकदाही म्हणाले नाही, हे खरं आहे. मला आठवतं, पुस्तकाच्या वरून तू दिसायचीस, ओट्याला टेकून, हातात पातेलं. मला वाटायचं, आत्याला असंच आवडतं. हे मी लिहितेय तेव्हा लाज वाटते. त्या पहिल्या ताटावर मी शिकले आणि शिकून त्या ताटाचं वजन करायला लागले.

हे पत्र सकाळच्या टपालाने मिळेल. बारापर्यंत ठेवून दे. स्वतःसाठी काहीतरी शिजव, माझ्यासाठी तरी शिजव. भोंगा झाला की पुढची ओळ वाच.

आत्या, झालं सगळ्यांचं. बस आता.

तुझी,
मास्तरीण


६ नोव्हेंबर

मास्तरीणबाई,

सांगितलंस तसं केलं. पत्राचा शेवट हाताने झाकून ठेवला. भात टाकला, भाजी केली. सवयीने पातेलं मोठंच घेतलं, मग शेजारणीला निम्मं द्यावं लागलं. भोंगा झाला. ओळ वाचली.

बसले नाही.

खोटं कशाला लिहू? ओळ वाचली, डोळे पुसले, आणि तशीच ओट्याला टेकून राहिले. भात थंड झाला. मग मलाच माझा राग आला, आणि मग तुझा. शिकलेल्या माणसांना वाटतं, लिहिलं की झालं. एक नंबरला तू चिठ्ठी पाठवलीस का? त्याच्या खाटेशी जाऊन उभी राहिलीस ना? घसा कोरडा पडला तरी तोंडाने म्हणालीस ना? मग त्याला एक न्याय आणि मला एक?

आणि म्हणे झालं सगळ्यांचं. कोणाचं झालं? तू तिकडे मोरीशी ब्रेड चावतेस आणि मला सांगतेस सगळ्यांचं झालं? तक्त्यावर एवढी खरं लिहिणारी तू, आणि मला खोटी नोंद पाठवतेस?

उद्यापासून त्या जेवणघरात जायचं. खुर्चीवर बसायचं. ज्यांना बघायचंय त्यांना बघू दे, आचाऱ्याच्या घरची पोर कशी जेवते ते. त्यांनीच शिकून घ्यावं.

आणि रविवारी ये. येऊ नकोस म्हटलं होतं ते मी मागे घेते. एकोणीस वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नाही, आता मागते. दिवसभराची तुझी सुट्टी, सकाळची गाडी धर, संध्याकाळी परत जा. समजेचा तो कागदही आण, भिंतीला लावते.

मी शिजवेन. तू आधी जेव. पोटभर, पुस्तक न उघडता, मी बघत असताना. ताटात काही टाकशील तर ऐकून घेशील. हात धू. आणि मग माझ्याकडे वळून, तोंडाने म्हण.

तोवर मी उभी आहे.

आत्या